वाईन टेस्टिंगला जायचंय, पण बोलायचं काय?

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. पुण्याच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, “आम्ही चौघं मित्र नाशिकला वाईन टेस्टिंगला जाणार आहोत. तिथे लोक ग्लास फिरवतात, वास घेतात आणि इंग्लिशमध्ये काहीतरी भारी बोलतात. आम्हाला त्यातलं काहीच येत नाही. बावळट दिसू का?”

नाही दिसणार. उलट मी म्हणेन, त्या टेबलावर लागणारे निम्म्याहून जास्त शब्द तुमच्याकडे आधीच आहेत, आणि ते मराठीत आहेत. फक्त ते तिथे चालतात हे कुणी सांगत नाही. बाकी जे समजून घ्यायचं ते ग्लासात कमी आणि बागेत जास्त आहे. म्हणून आधी बागेत जाऊ.

गेल्या फेब्रुवारीत मी गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत दुपारच्या टेस्टिंगला गेले होते. वायनरीचं नाव घेत नाही, ही जाहिरात नाहीये. सोबत माझे मामा होते. निफाड तालुक्यात त्यांची थॉम्पसनची बाग आहे, आणि दारूला ते शिवत नाहीत. “मी पिणार-बिणार नाही, मला फक्त बाग दाखव,” या अटीवर आले होते. खरं सांगते, त्या दिवशी मला गाइडपेक्षा मामांकडून जास्त कळलं.

बागेत शिरल्या शिरल्या मामांनी एक घड हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, “अगं, हे असे घड मार्केटला नेले तर व्यापारी हातसुद्धा लावणार नाही.”

बरोबर होतं त्यांचं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. आपण बाजारातून आणतो ती द्राक्षं वेगळी. थॉम्पसन, सोनाका, तास-ए-गणेश, शरद सीडलेस, ही सगळी खायची द्राक्षं. त्यात शेतकऱ्याची सगळी मेहनत मणी मोठा करण्यासाठी असते. विरळणी करा, जीएचं डिपिंग करा, मणी एकसारखे फुगले पाहिजेत, साल पातळ पाहिजे, बी नको. वाईनच्या द्राक्षाला नेमकं उलटं हवं असतं. वाईनचा रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीत असतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणजे मामांच्या बागेत जो घड नापास, तो इथे पहिल्या नंबरात.

मामांनी दोन-तीन मणी तोंडात टाकले, बी दाताखाली फोडलं. “गोड आहे गं, आपल्यापेक्षा गोड आहे,” म्हणाले. हेही बरोबर. खायची द्राक्षं साधारण १८ ब्रिक्सच्या आसपास काढतात, वाईनची बरीचशी २२ ते २४ ला. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप. द्राक्ष शेतकऱ्याच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो, त्यावर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून बघायचं. तिथल्या माणसाने मामांना एक सोपा हिशोब सांगितला: ब्रिक्सचा आकडा साधारण ०.५५ ते ०.६ ने गुणला की वाईनमध्ये किती टक्के अल्कोहोल होईल याचा अंदाज येतो. २२ ब्रिक्स म्हणजे साडेबारा-तेरा टक्के. मामा लगेच म्हणाले, “म्हणजे आमच्या थॉम्पसनची दहा टक्क्यांची होईल.” होईल की. पण तिला ना धड वास असेल, ना अंग.

आता ज्या गोष्टीबद्दल टेस्टिंगच्या टेबलावर कुणी बोलत नाही, ती सांगते. खायच्या द्राक्षाचं एक बरं असतं. निर्यातीला नाही गेली तर लोकल मार्केट आहे, तिथे नाही गेली तर बेदाणा आहे. वाईनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिने घेतली नाही तर तो माल रस्त्यावर पाटी लावून पण विकता येत नाही. बारीक, बियांची, जाड सालीची द्राक्षं कोण खाणार?

आणि हे घडलंय. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. करात सवलती मिळाल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. भराभर वायनऱ्या उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी करार करून शिराझ आणि सॉविन्यों ब्लां लावलं. मग २००८ नंतर मंदी आली, वाईनचा साठा पडून राहिला, वायनऱ्यांनी खरेदी कमी केली किंवा बंदच केली. कित्येकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. मामांच्या गावातही दोघांनी लावली होती. “मांडव तोच ठेवला, वेली उपटल्या,” मामा म्हणाले. द्राक्षाचा वेल लावला की खर्च पहिल्या दिवसापासून आणि पहिलं नीट पीक यायला दीड-दोन वर्षं, हे लक्षात घ्या म्हणजे ‘वेली उपटल्या’ म्हणजे काय ते कळेल. एका बाटलीला साधारण एक-सव्वा किलो द्राक्षं लागतात. पुढच्या वेळी बाटलीवरची किंमत बघाल तेव्हा त्यातले शेतकऱ्याकडे किती गेले असतील, हा प्रश्न गाइडला जरूर विचारा. आमच्या गाइडने हसून विषय बदलला.

आता हवामानाची थोडी गंमत. वाईनची पुस्तकं सांगतात की चांगली वाईन ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात होते. नाशिक २० वर आहे. मग इथे जमतं कसं? एक तर उंची, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर. आणि दुसरं म्हणजे छाटणी. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपतो, वसंतात उठतो, सप्टेंबरच्या आसपास द्राक्षं देतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. तो आपल्या मनाने वाढला तर फळ ऐन पावसात येईल आणि कुजेल. म्हणून आपण वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलला खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. ऑक्टोबरला दुसरी, ती फळासाठी. पीक मात्र एकच घ्यायचं, जानेवारी ते मार्च. तेव्हा दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो. त्या गारव्यामुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो. मार्चचं ऊन तापलं की आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून पांढऱ्या वाईनची द्राक्षं आधी काढतात आणि लालची नंतर. तोडणीही पहाटे, माल गार असताना. दुपारी गेलात तर तोडणी दिसणार नाही, ती आधीच उरकलेली असते.

टाक्यांच्या शेडमध्ये मामांनी जो प्रश्न विचारला तो बहुतेकांच्या मनात असतो: “काळी द्राक्षं म्हणजे लाल वाईन आणि हिरवी म्हणजे पांढरी, असंच ना?” अर्धं बरोबर. एक काळा मणी सोलून बघा, आतला गर बहुतेक वेळा बिनरंगाचाच असतो. रंग सालीत. लाल वाईनला रस सालीसकट आंबवतात, रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. पांढरीला दाबून रस लगेच वेगळा काढतात. रोझे म्हणजे काळ्या द्राक्षाच्या सालीत रस काही तास ठेवायचा आणि मग काढून घ्यायचा. लाल आणि पांढरी मिसळून रोझे बनते असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, रोजच्या रोझेची ती रीत नाही. पुढचं काम यीस्टचं. साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. साखर पूर्ण संपली की त्या वाईनला ‘ड्राय’ म्हणतात. ड्राय म्हणजे तोंड कोरडं पडणं नव्हे, हा घोळ फार होतो. त्याच्याकडे येतेच.

तर आता टेबल. पाच ग्लास, प्रत्येकात साधारण ३० मिली. क्रम हलकीकडून जडकडे: आधी पांढरी, मग रोझे, मग लाल, शेवटी गोड. उलट केलं तर लालच्या तुरटपणाने जीभ बधिर होते आणि पांढरी पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरायचा, कारण हाताच्या उबेने वाईन गरम होते. फिरवायचा कशासाठी? वास हवेत उडावा म्हणून. बस, एवढंच. टेबलावर ठेवूनच फिरवा, सांडत नाही.

मग घोट घेऊन तोंडात थोडी हवा ओढायची, आवाज झाला तरी चालेल. आमच्या शेजारच्या टेबलावरचे लोक हे करताना लाजत होते. अरे, आपले आजोबा बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायचे, ते हेच होतं! हवा मिसळली की वास घशाच्या मागून नाकात चढतो. आपण जिला ‘चव’ म्हणतो तिचा मोठा भाग हा असा मागच्या दाराने आलेला वास असतो. खात्री करायची असेल तर घरी एक प्रयोग करा. नाक दाबून कैरीची गोळी तोंडात टाका. फक्त गोड-आंबट लागेल. नाक सोडलं की एकदम कैरी ‘येते’. म्हणून सर्दी झाली असेल तर टेस्टिंग पुढे ढकला, पैसे वाया जातील.

पहिला ग्लास सॉविन्यों ब्लांचा होता. गाइडचं पाठांतर चोख: “यात तुम्हाला गूजबेरी आणि पॅशनफ्रूट मिळेल.” टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आता मला सांगा, आपल्यातल्या किती जणांनी गूजबेरी खाल्लीय? शब्दकोशात आवळा म्हणून देतात, पण आवळा नव्हे. रसभरीला केप गूजबेरी म्हणतात, तीही नव्हे. युरोपात झुडपाला येणारं ते एक वेगळंच आंबट फळ. जे आयुष्यात खाल्लं नाही ते ग्लासात कसं ‘मिळेल’?

मी ग्लास मामांकडे सरकवला. “पिऊ नका, नुसता वास घ्या.” त्यांनी घेतला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पेरू. अर्धा कच्चा. आणि भोपळी मिरची चिरल्यासारखं काहीतरी.”

मंडळी, हे अगदी नेमकं उत्तर आहे. सॉविन्यों ब्लांमध्ये मिथॉक्सिपायराझिन नावाची संयुगं असतात, आणि तीच भोपळी मिरचीच्या वासामागे असतात. पेरूसारखा वास येतो तो थायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगांमुळे. मामांनी यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. ते फक्त भाजी मंडईत आणि बागेत आयुष्यभर नाक उघडं ठेवून वावरलेत.

आणि ‘जाणकार’ लोकांचं म्हणाल तर २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, फ्रान्समधल्या बोर्दोचा. ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन दिली, पण बिनवासाचा लाल रंग घालून. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. म्हणजे नाकाने काय सांगितलं यापेक्षा डोळ्यांनी काय पाहिलं ते जिंकलं. यावरून वाईनचं सगळं ज्ञान थोतांड आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणणारे रील्स मला आवडत नाहीत. सराव असलेला माणूस नक्कीच जास्त ओळखतो. पण गाइडने ‘गूजबेरी’ म्हटल्यावर तुमच्या मेंदूने तीच शोधायला घेणं किती सोपं आहे, ते यातून कळतं. म्हणून माझी एक सूचना: गाइड बोलायच्या आधी वास घ्या आणि फोनच्या नोट्समध्ये तीन शब्द लिहा. मराठीत. ओला गवताचा भारा, पावसाची माती, जुनं कपाट, चिंच, काहीही. मग त्याचं ऐका.

शिराझच्या वेळी तर मजाच झाली. गाइड म्हणाला काळी मिरी. मला स्पष्ट आली, शेजारच्या मुलीला अजिबात नाही, आणि तिचा चेहरा पडला. तिला म्हटलं, अगं, यात तुझं काही चुकत नाहीये. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो, खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शोधलं, तेव्हा असंही दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला ते खूप जास्त प्रमाणात असलं तरी जाणवत नाही. ज्याच्या नाकाला ते ओळखता येत नाही त्याला ते येणार नाही, कितीही ग्लास फिरवा.

आता तुरटपणा. इथे मराठी माणसाची बाजू वरचढ आहे. जांभूळ, आवळा, कच्चं केळं, कच्ची सुपारी खाल्ल्यावर जिभेला जे होतं ते तुरट. आपल्या सहा रसांत त्याला कषाय म्हणून वेगळी जागा आहे. रोजच्या बोलण्यात आपण तो शब्द लहानपणापासून वापरतो, तर इंग्रजीत त्यासाठी पुस्तकी शब्द शोधावा लागतो. लाल वाईनमधली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून तोंड आखडल्यासारखं होतं. चहा जास्त उकळला की होतं तेच. बरोबर चीजचा तुकडा देतात तो यासाठी, त्यातली प्रथिनं आणि स्निग्धता हा तुरटपणा मवाळ करतात. मग ‘कडू’ आणि ‘तुरट’ यात फरक करा. खूप जण लाल वाईनला कडू म्हणतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा तुरट म्हणायचं असतं.

आणि ते ‘ड्राय’चं. शेनिन ब्लांला पिकलेल्या फळाचा, कधी मधाचा वास येतो, त्यामुळे मेंदू आधीच ‘गोड’ म्हणून मोकळा होतो. खरंच साखर आहे का ते बघायचं तर तीच युक्ती: नाक दाबा आणि घोट घ्या. जिभेला गोड लागली तर साखर आहे. नाही लागली तर तुम्ही वासाला गोड म्हणत होता.

एक तक्रार मात्र करते. लाल वाईन आम्हाला कोमट मिळाली. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य थंड देशातल्या दगडी घरांतून आलंय, तिथली रूम १६ ते १८ अंशांची. नाशिकची फेब्रुवारीतली दुपार तीसच्या आसपास. कोमट लालमध्ये अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी सगळं झाकलं जातं. बिनधास्त सांगा, “दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून द्याल का?” आम्ही सांगितलं, ठेवली, आणि चौथा ग्लास वेगळाच लागला. आणि हो, सकाळी मिसळ खाऊन लगेच तुरट शिराझ पिऊ नका. तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन पडलं की जाळ वाढतो. मिसळीनंतर काही घ्यायचंच तर थोडी गोडसर, गार शेनिन.

शेवटी आकडे, कारण हे कुणी सांगत नाही. पाच ग्लास म्हणजे १५० मिली, तेरा टक्क्यांच्या हिशोबाने साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. वजन कमी असेल तर ती ओलांडायला ही ‘नुसती चव’ पुरेशी ठरू शकते. टेबलावर जी बादली किंवा भांडं ठेवलेलं असतं ते थुंकण्यासाठीच असतं. जगभरचे टेस्टर थुंकतात, त्यात अपमान नाही. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य २०२२ मध्ये सुपरमार्केटमधल्या विक्रीवरून वाद झाला तेव्हा खूप ऐकलं. तेरा टक्के अल्कोहोल असलेली गोष्ट दारूच आहे, कायद्यालाही तसंच वाटतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परमिट लागतं, आणि तुम्ही २१ च्या आत असाल तर विषयच संपला. रेड वाईन हृदयाला चांगली म्हणून जाणार असाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. चवीसाठी जा, औषध म्हणून नको.

मुंबईहून जाणार असाल तर येताना कसारा घाट आहे, हे विसरू नका. आमची गाडी मामांनी चालवली. तुमच्यात न पिणारा कुणी नसेल तर ट्रेन आणि रिक्षा, किंवा रात्री नाशिकलाच मुक्काम.

जाऊन आलात की नोट्समधले ते तीन-तीन शब्द मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. वाईनचं नाव सांगू नका, फक्त शब्द सांगा. पुढच्या भागात मी ते वाचेन आणि बाकीचे श्रोते ओळखतील कुठल्या ग्लासाबद्दल बोलताय. चला, भेटू.